बाळ अजून बसत नाही, चालत नाही? आमच्याकडे येण्याआधी एवढं वाचा

"त्याचा बाबाही उशिराच चालला होता, कशाला घाबरतेस?" हे ऐकून ऐकून शेवटी आमच्या लहान मुलांच्या फिजिओथेरपी केंद्रात आलेली आई आम्हाला वरचेवर भेटते. कधीकधी सासूबाईंचं खरंही निघतं. पण ते बाळाला चटईवर सोडून, त्याची हालचाल बघूनच ठरवावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या हालचालींची नोंद ठेवली होती. आधाराशिवाय बसणं कुणाला चौथ्या महिन्यात जमलं, कुणाला नऊ महिने लागले. स्वतःचं स्वतः चालणं साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. आणि शंभरातली चारेक बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा शेजारचं बाळ आधी रांगलं म्हणून रडत येऊ नका. मात्र दीड वर्ष झालं आणि एकही पाऊल पडलेलं नसेल, तर "अजून दोन महिने बघू" म्हणू नका.

काही गोष्टींसाठी तेवढंही थांबायचं नाही. चार महिने होऊनही मान धरत नाही, मुठी कायम आवळलेल्या, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर घरात "डावखुरा होणार" म्हणून कौतुक होतं. डावं-उजवं इतक्या लवकर ठरत नाही, दुसरा हात मागे का राहतोय ते बघायला हवं. आणि आधी जमत होतं ते बंद झालं असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, आमच्याकडे नंतर. थायरॉईड, ड जीवनसत्त्व, कान, डोळे, स्नायूंचे आजार हे सगळं डॉक्टरांनीच तपासायचं असतं. व्यायाम देऊन कारण सापडत नाही.

बाळ वेळेआधी झालं असेल तर वय मोजताना तेवढे आठवडे वजा करा. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आज सहा महिन्यांचं असेल, तर त्याच्याकडून अपेक्षा चार महिन्यांच्या बाळाची. हा हिशेब साधारण दोन वर्षांपर्यंत धरायचा.

पहिल्या भेटीला तासभर लागतो. बाळ झोप झालेलं, पोट भरलेलं असावं. डिस्चार्ज कार्ड, जुने रिपोर्ट आणि घरातली त्याची लाडकी वस्तू आणा, मग तो चमचा असला तरी चालेल. घरी कसं सरकतं, कसं उठतं याचा मोबाइलवरचा व्हिडिओ असला तर फारच उत्तम, कारण इथे आल्यावर मुलं हमखास बुजतात. दिवसभर बाळाला सांभाळणाऱ्या आजी किंवा मावशी असतील तर त्यांनाही घेऊन या. सुरुवातीला आम्ही बाळाला हात लावत नाही, नुसतं बघत बसतो.

त्यानंतर जे चालतं ते लांबून खेळच वाटतं. समजा, बाळ दोन्ही हात पुढे टेकून कसंबसं बसतंय. आम्ही स्टीलची वाटी त्याच्या उजवीकडे, हात जेमतेम पोचेल अशी ठेवतो. वाटी हवी तर एक हात उचलावा लागतो. हात उचलला की भार एका कुल्ल्यावर जातो, धड थरथरतं, बाळ कलंडतं. आम्ही कमरेला बोट लावून तयारच असतो. ती थरथर म्हणजेच व्यायाम. मूल स्वतः काहीतरी मिळवायला जी हालचाल करतं ती त्याचा मेंदू शिकतो. आम्ही हातपाय धरून हलवले तर मेहनत आमची होते. एका आजोबांनी हसत विचारलं होतं, "याचे पैसे घेता?" हो, घेतो. वाटी कुठे ठेवायची याचे.

आता मुख्य गोष्ट. आठवड्यातून दोनदा पाऊण तास आमच्याकडे, बाकी सगळा वेळ घरी. आम्ही तुम्हाला वेगळा 'व्यायामाचा तास' देत नाही, तो चार दिवसांत बंद पडतो. आहे त्याच दिवसात बदल सांगतो. न्हाऊ घालणाऱ्या बाई पाय लांब करून, बाळाला त्यावर उपडं घेऊन पाणी घालतात, तेव्हा बाळ मान उचलतं. टब आला आणि घराघरांतून ही सवय सुटली. जमत असेल तर ती परत सुरू करा. पाय ताठ होऊन एकमेकांवर चढत असतील तर दोन्ही हातांवर आडवं धरण्यापेक्षा कडेवर घ्या, मांड्या आपोआप फाकतात. मालिशही जरूर करा, बाळाला बरं वाटतं, पण बसायला त्याने शिकत नाही.

वॉकर मात्र विकत घेऊ नका. कुणी बारशाला दिला असेल तर माळ्यावर टाका. जुना लाकडी पांगुळगाडा बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलायचं. वॉकरमध्ये ते लोंबकळतं, चवड्यांनी रेटतं आणि पायरीवरून पडतं. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम झालेल्या मुलांच्या पालकांना आम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो: मेंदूला झालेली इजा व्यायामाने भरून येत नाही. खुबे आणि घोटे आखडू न देणं, जेवढं स्वतःचं स्वतः करता येईल ते वाढवणं, गरज असेल तिथे स्प्लिंट (हातापायाला बांधायचा आधार), बूट, योग्य खुर्ची, हे आमचं काम. "सहा महिन्यांत चालवून दाखवतो" असं कुणी म्हणालं तर पैसे जपा.

खर्चाचंही बोलू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात, आणि पुढचे उपचार जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, डीईआयसीत, मोफत होतात. दोन एसट्या बदलून आमच्याकडे येणाऱ्यांना आम्हीच तिकडे पाठवतो, कारण उपचारात नियमितपणा हवा आणि इतका प्रवास फार दिवस जमत नाही. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी 'निरामय' विमा योजनाही आहे, १ लाख रुपयांपर्यंतची. थेरपीचा खर्चही त्यात काही मर्यादेपर्यंत मिळतो. अर्ज कसा भरायचा ते आमच्या काउंटरवर विचारा.

येण्याआधी फोन करून वेळ घ्या. बाळाला ताप असेल किंवा रात्रभर झोप झाली नसेल तर येऊ नका, नुसतं कळवा. त्या दिवसाचे पैसे लागणार नाहीत.