मकरानचा भूकंप (१९४५) आणि मुंबई

मकरानचा भूकंप : २८ नोव्हेंबर १९४५ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून २६ मिनिटांनी बलुचिस्तानच्या (आता पाकिस्तान) किनाऱ्यावर, पसनी गावाजवळ झालेला ८.१ तीव्रतेचा भूकंप. मकरान पट्ट्यात उपकरणांनी टिपलेला हा सर्वांत मोठा धक्का. त्याने उठवलेली त्सुनामी सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्याला लागली आणि समकालीन नोंदींप्रमाणे शहरात १५ माणसे वाहून गेली. त्सुनामी म्हटले की आपल्याला २००४ आठवते, तमिळनाडू आणि अंदमान आठवते. मुंबईत ती येऊन गेली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मराठी माणसाच्या मनात भूकंप म्हणजे कोयना (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारी (३० सप्टेंबर १९९३). पृथ्वीचे कवच ज्या प्रचंड, सरकत्या तुकड्यांचे बनले आहे त्यांना भूपट्ट म्हणतात. हे दोन्ही भूकंप भूपट्टाच्या आतल्या भागात झाले. जमीन थेट पायाखाली फाटली आणि घरे माणसांवर कोसळली. मकरानची जात वेगळी. तिथे दोन भूपट्ट एकमेकांना भिडतात आणि एक दुसऱ्याच्या खाली जातो. अशा जागेला अधोगमन पट्टा किंवा सबडक्शन झोन म्हणतात. जगातले सर्वांत मोठे भूकंप अशाच पट्ट्यांत झाले आहेत : चिलीचा १९६० चा ९.५ तीव्रतेचा, सुमात्राचा २००४ चा, जपानचा २०११ चा. तीव्रतेचा आकडा एकने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्या हिशेबाने ६.२ तीव्रतेच्या किल्लारीपेक्षा मकरानची ऊर्जा सातशे पटींच्या घरात जाते. किल्लारीने दहा हजारांच्या आसपास माणसे नेली, ती मात्र ऊर्जेच्या बळावर नव्हे, तर दगडमातीच्या भिंतींखाली आणि झोपेच्या वेळी गाठून.

मकरानचा पट्टा होर्मुझच्या सामुद्रधुनीपासून कराचीच्या अलीकडेपर्यंत सुमारे ९०० किलोमीटर पसरला आहे. तिथे अरबी भूपट्ट वर्षाला दोन ते चार सेंटिमीटर या गतीने युरेशियन भूपट्टाखाली सरकतो, बोटांची नखे वाढतात साधारण त्याच वेगाने. खाली जाणाऱ्या तळावर साचलेला गाळ सुमारे सात किलोमीटर जाडीचा आहे, जगातल्या इतर पट्ट्यांच्या मानाने प्रचंडच. तव्यावरचा रवा उलथन्याने लोटावा तसा हा गाळ वरच्या भूपट्टाच्या कडेशी ढिगाने गोळा होत जातो, आणि मकरानच्या किनाऱ्यावरच्या डोंगररांगा याच ढिगातून वर आल्या आहेत. भूपट्ट सरकत असले तरी त्यांना सांधणारी पातळी मोकळी नसते. ती अडकून बसते. वरच्या भूपट्टाची कड खाली खेचली जाते, वाकते, दशकानुदशके ताण साठवते आणि एके दिवशी सुटते. तेव्हा समुद्राचा तळ उसळून वर येतो आणि त्याच्यावरचे सगळे पाणी, पृष्ठभागापासून तळापर्यंत, एकदम उचलले जाते. वाऱ्याची लाट पाण्याच्या वरच्या थरातच खेळते. त्सुनामी संपूर्ण खोलीभर चालते. तिचा जोर येतो तो यातून.

१९४५ मध्ये ओर्माराचा किनारा सुमारे दोन मीटर वर उचलला गेला. समुद्रतळावरची तारायंत्राची केबल तुटली. किनाऱ्यालगत चिखलाचे ज्वालामुखी फुटून नवी बेटे वर आली. २०१३ मध्ये आवारानच्या भूकंपानंतर ग्वादरसमोर असेच एक बेट उगवले आणि काही वर्षांत लाटांनी ते धुऊन नेले. पसनी आणि ओर्मारा ही कोळ्यांची गावे पाण्याने उद्ध्वस्त केली. मृतांचा आकडा ३०० पासून ४,००० पर्यंत वेगवेगळा दिला जातो, इतकी तिथली नोंद विरळ आहे. कराचीत लाटा साडेपाच, सात, सात पन्नास आणि सव्वाआठ अशा चार वेळा आल्या, आणि शेवटची सर्वांत मोठी होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २०११ मध्ये याचे कारण मांडले : किनाऱ्यालगतच्या उथळ मंचावर, म्हणजे समुद्रतळाच्या पसरट पायरीवर, लाटा अडकतात, किनाऱ्याच्या कडेकडेने इकडून तिकडे फिरत राहतात. त्यामुळे पहिली लाट ओसरली की धोका टळला, असे समजून किनाऱ्यावर परतणे घातक ठरते.

पसनीपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे १,२०० किलोमीटर. एवढे अंतर कापायला लाटेला जवळजवळ पाच तास लागले, आणि याचे उत्तर समुद्राच्या खोलीत आहे. तीन हजार मीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी ६०० किलोमीटरच्या वेगाने, जवळपास विमानासारखी धावते. पण मुंबईसमोरचा सागरमंच फार रुंद आहे, सुमारे ३०० किलोमीटर, आणि फार उथळ. मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर आहे, आणि तिथेसुद्धा पाणी सुमारे ७५ मीटरच. तेवढ्या खोलीत लाटेचा वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत उतरतो, किनाऱ्याकडे येताना आणखी कमी होतो. म्हणजे वाटेतले पहिले नऊशे किलोमीटर दीड तासात आणि शेवटचे तीनशे तीन-साडेतीन तासांत. याच मंचाने मुंबईला वेळ दिला. त्या सकाळी शहरातल्या कोणालाच तो मिळाला नाही, कारण सांगणारे कोणी नव्हते.

मुंबईत लाट सुमारे दोन मीटर उंचीची होती, असे त्या वेळच्या वृत्तांवरून मानतात. हवामान खात्यातील सी. जी. पेंडसे यांनी या भूकंपावर लिहिलेले टिपण हा आजही मुख्य आधार आहे. वर्सोव्याला पाच जण बुडाले, हाजी अलीजवळही माणसे वाहून गेली. दांडा आणि जुहूला होड्यांचे दोर तुटले आणि नांगरलेल्या होड्या पाण्याबरोबर गेल्या. दोर तुटणे ही बारीक गोष्ट वाटेल, पण त्सुनामीचे वागणे तिच्यात नेमके दिसते. ती भिंतीसारखी कोसळली नाही. भरती भलत्या वेळी, भलत्या वेगाने चढावी आणि तितक्याच वेगाने खेचली जावी, तशी आली. नेहमीच्या भरतीला सैल सोडलेला दोर हळूहळू ताणला जातो. इथे तो काही मिनिटांत ताणला गेला.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या महिन्याची अमावास्या ४ डिसेंबरला होती, म्हणजे २८ नोव्हेंबर कार्तिक वद्य पक्षाच्या मध्यावर आला, आणि समुद्राला भांग (कमी चढउताराची भरती-ओहोटी) होता, उधाण नव्हते. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास, कधी पाचच्या जवळ जातो. भांगाला तो निम्म्याहून कमी असतो. तीच लाट अमावास्येच्या भर भरतीला आली असती, तर तिने सुरुवातच एक मीटर वरून केली असती. कमी मृत्यू झाले म्हणून धोका लहान होता, असे म्हणता येत नाही. तेव्हाच्या किनाऱ्यावर कोळीवाडे होते, आजच्याइतकी वस्ती नव्हती.

मुंबईला मकरानच्या धक्क्याने इमारती पडण्याची भीती नाही. एवढ्या अंतरावर हादरा क्षीण होतो. २००२ च्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात शहर तिसऱ्या, मध्यम धोक्याच्या विभागात आहे, ते वेगळ्या, जवळच्या भूकंपांमुळे. मकरानकडून येणारा धोका पाण्याचा आहे : खाड्यांची मुखे, बंदरातले उलटसुलट प्रवाह, ओहोटीला खडकांवरची कालवे (शिंपले) काढायला उतरलेल्या बायका, हाजी अलीच्या वाटेवरची गर्दी. मकरानचा पश्चिम भाग इराणच्या बाजूला बराच काळ शांत आहे. दोन्ही भाग एकत्र सुटले तर भूकंप ९ च्या आसपास जाऊ शकतो, असे काही अभ्यास सांगतात. त्यावर एकमत नाही.

ऑक्टोबर २००७ पासून हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र चालते. समुद्रातला मोठा भूकंप झाल्यावर काही मिनिटांतच तिथून पहिली सूचना निघते. उरलेले चार-साडेचार तास वर्सोवा, माहीम, दांडा, कुलाबा इथे कसे वापरायचे, हे किनाऱ्यावरच ठरवायचे असते. इतर देशांत बोटींना खोल समुद्रात जाण्याचा सल्ला देतात, कारण खोल पाण्यात त्सुनामी कळतही नाही. मुंबईच्या नाखव्याला तो सल्ला तसाच्या तसा लागू पडत नाही. ताशी पंधरा किलोमीटर वेगाची बोट पाच तासांत पंच्याहत्तर किलोमीटर जाईल, म्हणजे मुंबई हायच्या निम्म्या वाटेपर्यंतही नाही, आणि तिथले पाणी उथळच आहे. आधीच बाहेर असलेल्या बोटींनी बंदराकडे वळू नये आणि बंदरात असलेल्यांनी होडी सोडून वर यावे, हेच इथे खरे. होडीत घरादाराची कमाई अडकलेली असते, म्हणून ही गोष्ट आधीच, शांतपणे बोलून ठेवावी लागते.