दुसऱ्या गुणसूत्राची साक्ष

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशींत 24. आपण आणि ही वानरं एकाच पूर्वजापासून आलो असू, तर आपली एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडीच गळाली असती, तर तिच्यावरच्या शेकडो जनुकांवाचून जीव तगला नसता. मग दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून एकमेकांना जोडली गेली असणार. तशी खूण मिळायलाच हवी. नाही मिळाली, तर समान पूर्वजाची कल्पना अडचणीत येते.

सप्टेंबर 2005 मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, हॅरिसबर्गच्या न्यायालयात जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी हे कोडं न्यायाधीशांपुढे मांडलं. बुटाच्या नाडीच्या टोकाला जशी प्लास्टिकची टोपी असते, तशी गुणसूत्राच्या टोकाला डीएनएच्या ठरावीक अक्षरांची पुनरावृत्ती असते. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात ही 'टोपी' भलत्याच जागी, आतल्या बाजूला सापडते, तीही दोन टोप्या समोरासमोर चिकटवाव्यात तशी. शिवाय त्यावर एक चालू आणि एक निकामी झालेला, असे दोन गुणसूत्रबिंदू (गुणसूत्राचा आवळलेला भाग, एरवी एका गुणसूत्रावर एकच असतो) दिसतात. चिंपांझीची दोन गुणसूत्रं शेजारी ठेवली की जुळणी पूर्ण होते.

गुणसूत्राला साक्षीला उभं करावं लागलं ते त्याच राज्यातल्या डोव्हर नावाच्या छोट्या गावामुळे. ऑक्टोबर 2004 मध्ये तिथल्या शाळा मंडळाने डार्विनच्या सिद्धांतातल्या त्रुटी मुलांना सांगायचा ठराव केला आणि त्यातून नोव्हेंबरमध्ये ठरलं की, नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनचा सिद्धांत ही 'थिअरी' आहे, वस्तुस्थिती नव्हे, त्यात त्रुटी आहेत, 'इंटेलिजन्ट डिझाइन' (सजीव कुणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले ही कल्पना) हे वेगळं स्पष्टीकरण आहे आणि त्यावरचं पुस्तक शाळेत ठेवलं आहे. इंग्रजी बोलण्यात 'थिअरी' म्हणजे नुसता अंदाजही होतो, त्याचा हा फायदा. मराठीत हे जमलं नसतं, आपल्या 'सिद्धांत' शब्दातच 'सिद्ध' बसलेलं आहे.

अकरा पालक न्यायालयात गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच सांगितलं होतं की, सरकारी शाळेत 'निर्मितीविज्ञान', म्हणजे देवाने सृष्टी निर्माण केली हे विज्ञान म्हणून, शिकवणं म्हणजे सरकारने धर्माचा पुरस्कार करणं, आणि राज्यघटनेला ते मान्य नाही. म्हणून डोव्हरमध्ये देवाचं नाव नव्हतं, नुसता एक 'बुद्धिमान रचनाकार' होता. पण शाळेत ठेवलेल्या 'ऑफ पांडाज अँड पीपल' या पुस्तकाचे जुने मसुदे न्यायालयात आले. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक बार्बरा फॉरेस्ट यांनी ते ओळीने लावून दाखवले. 1987 च्या निकालाआधी मजकुरात सगळीकडे 'क्रिएशनिस्ट्स', म्हणजे निर्मितीवादी. निकालानंतर त्याच वाक्यांत, त्याच जागी 'डिझाइन प्रोपोनंट्स'. एका ठिकाणी बदल अर्धवट राहिला आणि दोन्ही शब्द एकमेकांत अडकून 'सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स' असा शब्द तयार झाला. दोन अवस्थांमधला जीवाश्म म्हणजे काय, हे मुलांना समजावायला इतकं चांगलं उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

दुसऱ्या बाजूचे प्रमुख साक्षीदार होते जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही. जिवाणूला पोहायला लावणारी कशाभिका ही मोटरसारखी रचना, एक भाग काढला की बंद पडते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने घडू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा. मिलर यांनी प्लेगच्या जिवाणूकडे बोट दाखवलं. त्याच्याकडे कशाभिकेतल्या जेमतेम दहाएक प्रथिनांसारख्या प्रथिनांची सुई असते. ती पोहायला नव्हे, तर पेशीत विष टोचायला वापरली जाते. भाग कमी असले तरी काम आहेच, फक्त वेगळं. उलटतपासणीत बीही यांनी आणखी एक कबुली दिली: वैज्ञानिक सिद्धांताची त्यांची व्याख्या घेतली, तर फलज्योतिषही तिच्यात बसतं. आपल्याकडे 2001 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणायचं ठरवलं होतं, म्हणून ही कबुली मला फार दूरची वाटत नाही.

मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. न्यायाधीश जॉन जोन्स यांना राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेलं. 20 डिसेंबर 2005 रोजी जोन्स यांनी दिलेल्या 139 पानी निकालात स्पष्ट म्हटलं आहे की, 'इंटेलिजन्ट डिझाइन' हे विज्ञान नाही आणि उत्क्रांती मानण्यासाठी देव नाकारावा लागत नाही. चर्चमध्ये, घरात, खासगी शाळेत काय शिकवावं याला या निकालाने हात लावलेला नाही. विज्ञानाच्या तासाला मात्र चुकीचं ठरू शकेल असंच काही आणावं लागतं. दुसरं गुणसूत्र समान पूर्वजाच्या कल्पनेला चुकीचं ठरवू शकलं असतं. 'रचनाकाराची तशी इच्छा होती' या उत्तराला कुठलं गुणसूत्र खोटं पाडणार?

मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते डोव्हरच्या शाळेतले विज्ञानशिक्षक. खटल्याचा निकाल अजून वर्षभर लांब होता, नोकरी त्याच मंडळाच्या हातात होती. विषयाचं जाणूनबुजून चुकीचं चित्र मुलांपुढे मांडू नये, या राज्याच्या शिक्षक आचारसंहितेचा आधार घेऊन त्यांनी निवेदन वाचायला लेखी नकार दिला. जानेवारी 2005 मध्ये ते वाचायला अखेर प्रशासनातल्या माणसांना वर्गात यावं लागलं.