गव्हाणीपासून बाराव्या वर्षापर्यंत

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या विद्यापीठ ग्रंथालयात पपायरसचा, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या जुन्या कागदाचा, एक कपटा कित्येक वर्षं पडून होता. ११ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद, जेमतेम तळहातावर मावेल एवढा. त्यावर ग्रीक भाषेतल्या तेरा ओळी, अक्षर वेडंवाकडं. त्या अक्षरावरूनच लोकांनी समजून घेतलं होतं की हे कुणाचं तरी घरगुती पत्र असेल, नाहीतर बाजाराची यादी. मग लायोश बेर्केश आणि गाब्रिएल नोक्की मासेदो या दोन अभ्यासकांना त्यात ‘येशू’ हे नाव दिसलं. इतर पपायरसांशी एकेक अक्षर ताडून पाहिल्यावर जून २०२४ मध्ये उलगडा जाहीर झाला. चौथ्या किंवा पाचव्या शतकात उतरवून घेतलेली ती येशूच्या बालपणाची गोष्ट होती.

गोष्ट अशी. पाच वर्षांचा येशू ओढ्याकाठी खेळतोय. मऊ चिखल मळून तो बारा चिमण्या करतो. दिवस शब्बाथचा, म्हणजे कामाला हात लावायचा नाही असा. कुणीतरी चहाडी करतं, वडील योसेफ रागावत येतात. मुलगा टाळ्या वाजवतो आणि मातीच्या चिमण्या चिवचिवत उडून जातात.

ही कथा येशूचा शिष्य थोमा याच्या नावाने चालत आलेल्या, दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथातली आहे. चर्चने तो बायबलमध्ये घेतला नाही, पण गोष्ट थांबली नाही. मातीच्या पक्ष्याचा हा चमत्कार कुराणातही येतो. त्या कपट्याचं ओबडधोबड अक्षर पाहून संशोधकांना वाटतं की इजिप्तमधल्या एखाद्या शाळेत किंवा मठात कुणीतरी लिहिण्याचा सराव करत असावं. म्हणजे नुकतंच अक्षर गिरवायला लागलेलं कुणी एका लहान मुलाची गोष्ट लिहीत होतं. मला हा तपशील चमत्कारापेक्षाही मोलाचा वाटतो.

अशा गोष्टी लोकांना रचाव्या लागल्या, कारण बायबलमधली येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची) या बाबतीत जवळपास मुकी आहेत. मार्क आणि योहान थेट मोठ्या येशूपासून सुरुवात करतात. मत्तय आणि लूक जन्म सांगतात. लूक बाराव्या वर्षाचा एक प्रसंग देतो आणि तिथून एकदम तिशीत उडी घेतो. मधली पोकळी भरायला आता आपल्या हाताशी आहे ती जमीन, म्हणजे उत्खनन, आणि गेल्या सत्तर वर्षांत तिने बरंच दिलं आहे.

आधी जन्माचं साल. आपण वापरतो ती इसवी सनाची मोजणी डायोनिसियस एक्झिगुस नावाच्या साधूने इ.स. ५२५ मध्ये बसवली, आणि ती काही वर्षांनी चुकली. येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला असं मत्तय सांगतो, आणि हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला असं बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच्या मृत्यूच्या सुमारास चंद्रग्रहण झाल्याची नोंद योसेफस या ज्यू इतिहासकाराने केली आहे, आणि इ.स.पू. ४ च्या मार्चमध्ये तसं ग्रहण झालं होतं हे खगोलगणिताने पडताळता येतं. त्यामुळे जन्म इ.स.पू. ६ ते ४ च्या आसपास धरतात. येशूच्या जन्माच्या वेळी दिसला असं मत्तय सांगतो त्या पूर्वेच्या ताऱ्याचा मात्र साल ठरवायला उपयोग होत नाही. इ.स.पू. ७ मध्ये गुरू आणि शनी तीनदा जवळ आले होते, खगोलशास्त्रज्ञ केपलरनेही त्या युतीचा हिशेब मांडला होता. पण तेव्हाही दोघांत जवळपास एक अंशाचं, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी मावतील एवढं अंतर होतं. डोळ्यांना ते दोन वेगळे ठिपकेच दिसले असणार.

वसईत, गोव्यात नाताळला दारोदारी गोठा उभा राहतो, त्यात गव्हाणीत बाळ. मराठी बायबल म्हणतं, त्यांना ‘उतारशाळेत’ जागा नव्हती. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाहुण्यांची खोली असाही होतो. खरोखरच्या धर्मशाळेसाठी लूक दुसऱ्या ठिकाणी, चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत, वेगळाच शब्द वापरतो. त्या भागातल्या साध्या घरांत रात्री जनावरं आतच बांधत आणि गव्हाण माणसं झोपायच्या जागेला लागूनच असे. तेव्हा बाळ रानात उघड्यावर नव्हे, नातेवाइकांनी गजबजलेल्या घरात जन्मलं असण्याची शक्यता बरीच आहे.

येशू वाढला ते नाझरेथ गाव फार लहान. बायबलच्या जुन्या करारात त्याचं नाव नाही, योसेफसही घेत नाही. लोकसंख्येचे अंदाज काही शेकड्यांच्या पुढे सहसा जात नाहीत. जमीन मऊ चुनखडीची, म्हणून लोक खडकातच खोदून खोल्या आणि कोठारं करत. १९५५ पासून बेलार्मिनो बगात्ती या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने केलेल्या उत्खननात धान्याची पेवं, पाण्याची टाकी, द्राक्षं तुडवायचे हौद सापडले. २००९ मध्ये यार्देना अलेक्झांडर यांना पहिल्या शतकाच्या सुमाराचं अख्खं घर मिळालं: दोन खोल्या, अंगण, पावसाचं पाणी साठवायचं टाकं. हातात आलं ते खापरं आणि चुनखडीच्या भांड्यांचे तुकडे.

ही दगडी भांडी बघण्यासारखी आहेत. ज्यू धर्मनियमांप्रमाणे मातीचं भांडं विटाळलं तर फोडून टाकावं लागे, दगडाला मात्र विटाळ लागत नसे. म्हणून चुनखडीचे पेले, वाडगे घरोघरी. नाझरेथजवळच्या रेनाला २०१७ मध्ये अशा भांड्यांची खाणच सापडली. पेला छिन्नीने आणि चरकावर कोरताना आतून निघणारे दगडी गाभे तिथे हजारोंनी पडले होते. गावातलं प्रत्येक मूल असल्याच पेल्यातून पाणी पीत वाढलं असणार. येशूही.

वडील सुतार, असं आपण म्हणतो. ग्रीक ‘तेक्तोन’ म्हणजे लाकूडकाम, बांधकाम करणारा कारागीर. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो की येशू नांगर आणि जू बनवायचा. घरात भाषा अरामी. बापाला हाक ‘अब्बा’, आणि ती मोठी माणसंही वापरत. घर भरलेलं: याकोब, योसे, यहूदा, शिमोन ही भावांची नावं मार्क देतो, बहिणींचा उल्लेख करतो पण नावं सांगत नाही. ही भावंडं सख्खी, सावत्र की चुलत, यावर पंथापंथांत मतभेद आहेत. नाव ‘येशुआ’ही अगदी चारचौघांसारखं, त्या काळच्या ज्यू पुरुषांत ते सर्वांत प्रचलित नावांपैकी एक होतं.

पण हे बालपण नाताळच्या शुभेच्छापत्रावर दिसतं तितकं शांत नव्हतं, आणि माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. हेरोद मेला तशी नाझरेथच्या गालील प्रांतात बंडाळी उसळली. यहूदा नावाच्या बंडखोराने सेप्फोरिस शहरातलं शस्त्रागार लुटलं. सीरियाचा रोमन सुभेदार वारुस चालून आला. योसेफस सांगतो की शहर जाळलं आणि रहिवाशांना गुलाम केलं. (हाच वारुस पुढे इ.स. ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात तीन लीजन, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या, गमावून बसला.) सेप्फोरिस नाझरेथपासून सुमारे ६ किलोमीटरवर, तासा-दीड तासाची पायपीट. येशू तेव्हा दुडदुडत चालायच्या वयाचा असेल. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते दिवस आठवत असणार, आणि मुलं असल्या गोष्टी ऐकतच मोठी होतात. पुढे हेरोदाचा मुलगा हेरोद अंतिपाने ते शहर नव्याने बांधलं, आसपासच्या गवंडी-सुतारांना काम मिळालं असेल. इ.स. ६ मध्ये सीरियाचा सुभेदार क्विरिनियसने यरुशलेमभोवतीच्या यहूदिया प्रांतात शिरगणती लावली तेव्हा करांवरून पुन्हा बंड झालं. आणि २००९ मध्ये सापडलेल्या त्या घरात एक झाकलेला खड्डाही होता. पुढच्या, इ.स. ६७ च्या, युद्धात लपण्यासाठी तो खोदला असावा असं उत्खनन करणाऱ्यांना वाटतं.

त्या शिरगणतीनंतर एक-दोन वर्षांनी लूकच्या हिशेबाने बारा वर्षांचा मुलगा वल्हांडण सणासाठी यरुशलेमला गेला. शंभराहून अधिक किलोमीटर, चार-पाच दिवसांची वाट, नातेवाईक आणि गाववाल्यांच्या जथ्याबरोबर. परतताना दिवसभर चालल्यावर आईबापांच्या लक्षात आलं की मुलगा जथ्यात नाही. ते मागे फिरले, आणि तो तिसऱ्या दिवशी मंदिरात सापडला, शास्त्र्यांमध्ये बसून प्रश्न विचारत.

हेरोदाने सुरू केलेलं त्या मंदिराचं बांधकाम तेव्हाही चालूच होतं. २०११ मध्ये मंदिराच्या आवाराच्या पश्चिम भिंतीच्या पायाखाली बुजवलेल्या एका जुन्या स्नानकुंडात रोमन अधिकारी वॅलेरियस ग्रातुसच्या काळातली नाणी सापडली, इ.स. १७-१८ ची. म्हणजे भिंतीचा तो भाग त्यानंतरच उभारला गेला. कारागिराचा हा मुलगा तिथे आला तेव्हा त्या कोपऱ्यावर पायाचे दगडसुद्धा बसले नव्हते.