१४.४ दिसलं म्हणजे बॅटरी भरली?

कॅम्पर व्हॅनवाल्यांमध्ये एक समज पक्का बसलाय: मीटरवर १४.४ व्होल्ट दिसले की बॅटरी फुल. तसं नसतं. तो आकडा चार्जर लावतोय तो दाब आहे. बॅटरीत किती साठलंय ते नव्हे. चार्जर बंद करा, दिवे-फ्रिज सगळं काढा आणि काही तास थांबा. लेड-ॲसिड बॅटरी खरंच भरली असेल तर १२.७ च्या आसपास स्थिरावेल. १२.१ वर आली, तर जेमतेम निम्मी.

थांबायला वेळ नसेल तर चार्जर चालू असताना १४.४ वर बॅटरीत जाणारा करंट किती उरलाय ते बघा. १०० अँपिअर-अवर क्षमतेच्या लेड-ॲसिडला तो १-२ अँपिअरवर उतरला, की भरली म्हणायचं.

लिथियम आयर्न फॉस्फेट या दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीचं व्होल्टेज तर आणखी फसवं. बराच काळ १३.२-१३.३ ला चिकटून बसतं आणि शेवटी धाडकन कोसळतं.

खरा हिशोब ठेवतो शंट. निगेटिव्ह केबलमधली ही ठरावीक रोधाची पट्टी; तिच्यावरच्या मिलिव्होल्टवरून बॅटरी मॉनिटर (हिशोब दाखवणारा मीटर) आत किती गेलं, बाहेर किती आलं ते मोजतो. अट एकच: बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला शंटशिवाय भाराची किंवा चार्जरची एकही वायर नको. घाईत इन्व्हर्टरची काळी (निगेटिव्ह) वायर थेट टोकाला कसलेली असते, तिच्यातला करंट मोजलाच जात नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या मॉनिटरला!