शाखा-विलीनीकरण, कर्नलमधील

शाखा-विलीनीकरण, कर्नलमधील : मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, उपविभाग निरनिराळ्या शाखांत (कोडच्या समांतर प्रतींत) वाढवायचे आणि ठरलेल्या मुदतीत मुख्य शाखेत आणायचे, ही पद्धत. येथे लिनक्स कर्नलचा विचार केला आहे. नेटवर्किंग, साउंड, मेमरी, फाइल सिस्टीम अशा प्रत्येक उपविभागाला आपापले मेंटेनर, म्हणजे त्या भागाची देखभाल करणारे जबाबदार प्रोग्रॅमर, असतात. ते आलेले बदल तपासून स्वतःच्या शाखेत घेतात आणि पुढे लिनक्सचे जनक व मुख्य शाखा सांभाळणारे लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे पाठवतात.

कोल्हापूरच्या वाचकाला ही उतरंड पंचगंगेवरून चटकन उमगेल. तुळशी व कुंभी आधी भोगावतीला मिळतात, मग प्रयाग चिखलीला कासारी येते. कर्नलमध्येही एखाद्या ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या कोडचा) बदल थेट मुख्य प्रवाहात जात नाही, आधी उपविभागाच्या शाखेत मिसळतो. साम्य मात्र इथवरच. संगमानंतर कोणते पाणी कुठले हे सांगता येत नाही. गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात विलीनीकरणाच्या नोंदीत दोन्ही पूर्वज, म्हणजे एकत्र आलेल्या दोन्ही शाखांची टोके, लिहिलेले राहतात, आणि या पद्धतीचे खरे मोल त्यातच आहे.

पद्धतीच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार ती गिटची देणगी होय. २००२ पासून कर्नलसाठी वापरात असलेल्या बिटकीपर या तशाच साधनाचा मोफत वापर २००५ मध्ये बंद झाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. दुसऱ्या मतानुसार विश्वासू सहकाऱ्यांमार्फत बदल स्वीकारण्याची रीत त्याहून जुनी आहे. पाठवलेले पॅच (कोडमधील बदलांचे तुकडे) हरवतात ही तक्रार २००२ च्या सुरुवातीलाच उघडपणे मांडली गेली होती, म्हणजे कामाची वाटणी आधीची आणि साधन नंतरचे. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. विलीनीकरणाची दोन आठवड्यांची मुदत, म्हणजे मर्ज विंडो, साधारणपणे २००५ च्या मध्यापासून रूढ झाली असे मानतात.

ही मुदत नवी आवृत्ती निघाली की सुरू होते. ती संपताच पहिली चाचणी-आवृत्ती, आरसी-१, येते. त्यानंतर फक्त दुरुस्त्या घेतल्या जातात. बहुधा आरसी-७ किंवा आरसी-८ नंतर पक्की आवृत्ती बाहेर पडते, म्हणजे एक फेरी नऊ-दहा आठवड्यांची. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्यापूर्वी काढतात आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा बसवतात. वेळ चुकली तर नुकसान ठरलेले. इथेही तेच. म्हणून मेंटेनरने आपले काम मुदत उघडण्याआधीच तयार ठेवायचे असते.

विलीनीकरणात दोन शाखांतील बदलांचे कॉन्फ्लिक्ट, म्हणजे संघर्ष, दोन प्रकारचे असतात. एकाच ओळीत दोघांनी बदल केला तर गिट तिथेच थांबते. दुसरा प्रकार जास्त घातक. समजा, एका शाखेत क्लॉक फ्रेमवर्कमधील (घड्याळ-संकेत सांभाळणाऱ्या कोडमधील) फंक्शनला एक आर्ग्युमेंट, म्हणजे त्याला पुरवायचे एक मूल्य, वाढवले आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या शाखेत नवा ड्रायव्हर आला, जो ते फंक्शन जुन्याच पद्धतीने बोलावतो. फायली वेगळ्या, त्यामुळे मर्ज निमूटपणे होतो, पण कंपाइल करताना, म्हणजे कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर करताना, बिल्ड (तयार होणारा कर्नल) मोडते. असे प्रसंग आधीच पकडण्यासाठी २००८ पासून लिनक्स-नेक्स्ट ही शाखा चालते. तीत उपविभागांच्या शाखा कामाच्या प्रत्येक दिवशी नव्याने एकत्र करून बिल्ड केल्या जातात. ऑस्ट्रेलियातील स्टीफन रॉथवेल यांनी हे काम अनेक वर्षे सांभाळले. इतके चिकाटीचे आणि इतके कमी दिसणारे काम कर्नलमध्ये क्वचितच दुसरे असेल.

उपाय म्हणजे सामायिक बदलाची छोटी शाखा वेगळी काढायची, ती दोन्ही मेंटेनरांनी आपल्यात घ्यायची आणि नंतर तिला हात लावायचा नाही. मुख्य शाखा वरचेवर आपल्या शाखेत ओढून घेणे मात्र अनिष्ट समजतात, कारण त्याने इतिहास गढूळ होतो. साधे कॉन्फ्लिक्ट टोरवाल्ड्स स्वतः सोडवणे पसंत करतात. पाठवणाऱ्याने तो कॉन्फ्लिक्ट कसा सोडवावा याचा आपला नमुना सोबत द्यावा, एवढीच अपेक्षा असते.