गावाचे दप्तर सांभाळणारी वाचनालये

सनदा, जमाबंदी आणि निवाडे पुराभिलेखागारात मिळतात. पण नगरपालिकेची निवडणूक कोणत्या प्रश्नावर गाजली, गावातली नाटकमंडळी का फुटली, प्लेगच्या वर्षी लोक कुठे राहायला गेले, हे शोधायचे तर त्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढावी लागते. बंद पडलेल्या साप्ताहिकाची बांधीव फाइल, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, स्थानिक कवीने पदरमोड करून छापलेला संग्रह, असे कागद राहिलेच असतील तर बहुधा तिथे. हे काम वाचनालयांवर कुणी सोपवले नव्हते. ज्या पद्धतीने ती उभी राहिली, त्या पद्धतीमुळेच ते त्यांच्याकडे आले.

रत्नागिरीत 1828 मध्ये सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. त्यानंतर नाशिकला 1840, पुण्याला 1848, कोल्हापूरला 1850, सोलापूरला 1853 आणि कल्याण व चिपळूणला 1864 साली वाचनालये निघाली. त्यांतली अनेक सुरुवातीला ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ याच नावाने ओळखली जात. इंग्रज अधिकाऱ्यांचे उत्तेजन होते, पुण्यात लोकहितवादींसारखे लोक पुढे होते, पण वाचनालय चालत राहिले ते गावकऱ्यांच्या वर्गणीवर. वर्गणी आली की सर्वसाधारण सभा, निवडणूक, हिशेब आणि इतिवृत्त आलेच. वाचनालयाची शंभर वर्षांची इतिवृत्ते वाचली तर त्या गावात सार्वजनिक जीवन कसे आकाराला आले ते दिसते. कोणते वृत्तपत्र घ्यायचे यावरून झालेला वादही त्या काळच्या राजकारणाचा पुरावा असतो. मात्र ही वर्गणीदार मंडळी बहुतांश शिकलेल्या, वरच्या जातींतल्या पुरुषांची होती. त्यामुळे कपाटात जे टिकले ते मुख्यतः त्यांचे जग. कष्टकऱ्यांची, दलितांची, बायकांची बाजू या कपाटांत फार थोडी आहे, आणि स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याने ही उणीव धरूनच वाचायला हवे.

1 जून 1893 रोजी ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे हे त्याच्या उभारणीतले एक प्रमुख नाव. इंग्रजी पुस्तकांचा मान मोठा असलेल्या त्या काळात फक्त मराठी ग्रंथ जमवण्याचा हा संकल्प होता. पाठोपाठ 1898 मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. पुस्तक चांगले की वाईट हे नंतर ठरवू, आधी ते जपू, ही दृष्टी इथून रुजली. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या छापील मराठी ग्रंथांची जी सूची केली, ती अशा जमवून ठेवलेल्या पुस्तकांच्या आधारावरच शक्य झाली. संशोधक आजही ‘दाते सूची’ उघडूनच कामाला लागतात.

हस्तलिखितांची गोष्ट थोडी वेगळी. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरची, वाळवी लागलेली दप्तरे शोधत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली आला आणि पुढे खंडांची संख्या 22 झाली. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राजवाड्यांच्या मृत्यूनंतर 1927 मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. इतिहास राजधानीत नव्हे, घराघरांत पडून आहे, हे राजवाड्यांनी दाखवून दिले.

सरकारने काय केले? सर्वांत धाडसी प्रयोग बडोद्यात झाला. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना बोलावून मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले. गावच्या वाचनालयासाठी एक तृतीयांश पैसे गावकऱ्यांनी जमवायचे, उरलेले प्रांत पंचायत आणि संस्थानाने घालायचे, अशी ती योजना होती. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर नाही. वाचनालये संस्थांच्याच हाती राहिली आणि सरकार मान्यता, अ, ब, क, ड असे वर्ग व वर्गानुसार अनुदान देऊ लागले. आज अशी मान्यताप्राप्त ग्रंथालये 11 हजारांच्या वर आहेत. गोव्यात चित्र निराळे आहे. पणजीचे 1832 सालचे ग्रंथालय सरकारीच राहिले, आज ते कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, आणि पोर्तुगीज काळातली वृत्तपत्रे तिथे पाहता येतात.

महाराष्ट्रात संस्था लोकांची राहिली, हे मला फार मोलाचे वाटते. त्यामुळेच व्याख्यानमाला, बालविभाग, स्थानिक लेखकांचे मेळावे टिकले, आणि घरातली जुनी कागदपत्रे लोक विश्वासाने वाचनालयात आणून देतात. पण अनुदानाचा वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिके, सेवक अशा मोजमापांवर. साप्ताहिकाची एकमेव फाइल जपली म्हणून वर्ग वाढत नाही. मग तुटपुंज्या पगारावरचा ग्रंथपाल आम्लामुळे ठिसूळ होत जाणाऱ्या कागदाचे काय करणार?

चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे या बळाचे आणि या अडचणीचे जिवंत उदाहरण. 1864 ची ही संस्था गावात ‘लोटिस्मा’ म्हणून ओळखली जाते. जुलै 2005 च्या पुरात आणि पुन्हा 22 जुलै 2021 च्या महापुरात वाशिष्ठी नदीचे पाणी तिथे शिरले, पुस्तके गेली. तरी संस्था दोन्ही वेळा उभी राहिली. या दोन पुरांच्या मधल्या काळात, 2013 च्या जानेवारीत, चिपळूणच्या साहित्य संमेलनाचा भार तिने उचलला, कोकणातल्या जुन्या वस्तूंचे संग्रहालयही उभारले. पण लोकांची जिद्द भिजलेला कागद परत आणू शकत नाही. ठाण्याच्या संग्रहालयाने दुर्मीळ पुस्तकांच्या डिजिटल प्रती करायला घेतल्या, तसे काम तालुक्याच्या वाचनालयांना स्वतःच्या बळावर झेपणारे नाही. अनुदानाच्या नियमांत स्थानिक संग्रहासाठी वेगळी तरतूद हवी, आणि स्कॅनिंगचा पहिला मान पूररेषेतल्या वाचनालयांना मिळायला हवा.