बेबी फ्रीझ की चेअर फ्रीझ? आधी कोपर कुठे टेकलंय ते बघा

ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, नव्याने शिकणाऱ्यांच्या व्हिडिओंत एक आकार सतत दिसतो. डोकं जमिनीवर, दोन्ही तळवे जमिनीवर, एक कोपर कमरेच्या आसपास आणि पाय दुमडून वर. खाली लिहिलेलं असतं 'माझा पहिला बेबी फ्रीझ'. नीट पाहिलं तर तो बेबीही नसतो आणि चेअरही नसतो. दोघांच्या मधे कुठेतरी अडकलेलं शरीर असतं, कोपर बरगडीवर रुतलेलं असतं आणि मान अवघडलेली असते. दुसऱ्या दिवशी मनगट दुखतं. मग 'आपल्या हातात ताकदच नाही' असं वाटून माणूस पुशअप्सच्या मागे लागतो. ताकदीचा प्रश्न बहुतेक वेळा नसतोच. दोन वेगळ्या रचनांची सरमिसळ झालेली असते.

फ्रीझ म्हणजे नाचता नाचता एका ठोक्यावर शरीर जागच्या जागी थांबवणं. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये हा नाच घडला. टॉपरॉक (उभ्याने केलेला नाच), फुटवर्क (हात जमिनीला लावून पायांनी केलेली पावलं) आणि पॉवर मूव्ह्ज (अंग गरगर फिरवणाऱ्या कसरती) यांच्या बरोबरीने फ्रीझ हा त्याचा चौथा खांब. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग पाहिलं असेल, तर बऱ्याच फेऱ्या कुठल्या ना कुठल्या फ्रीझवर येऊन संपताना दिसल्या असतील. तिथल्या पाच निकषांत संगीताची जाण आणि सफाई हे दोन होते, आणि डळमळणारा फ्रीझ या दोन्हींत मार खातो. बेबी आणि चेअर हे या सगळ्याचे पहिले धडे, म्हणून ते स्वच्छ असायला हवेत.

दोन्हींत एक गोष्ट समान आहे आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो: स्टॅब. कोपर वाकवून ते धडाला टेकवायचं, म्हणजे कमरेचा भार कोपरावर, तिथून उभ्या हाडांतून तळव्यात आणि तळव्यातून जमिनीत जातो. भार हाडं पेलतात, स्नायू फक्त तोल राखतात. म्हणूनच बारीक हातांची दहा वर्षांची मुलं फ्रीझमध्ये आरामात थांबतात आणि व्यायामशाळेत जाणारे दंड थरथरतात.

फरक आहे तो स्टॅब कुठे बसतो यात. बेबीत कोपर कमरेच्या बाजूला, खुब्याच्या हाडाच्या जरा वर आणि किंचित पुढे बसतं. चेअरमध्ये ते मागे जातं: शेवटच्या बरगडीच्या खाली आणि खुब्याच्या हाडाच्या वर, पाठीच्या कडेच्या मऊ भागात. अंतर चार-पाच बोटांचंच, पण त्यामुळे सगळं शरीर फिरतं. बेबीत बेंबी जमिनीकडे पाहते, चेअरमध्ये वर आणि बाजूला. फोटोतला फ्रीझ ओळखायचा असेल तर पाय बघत बसू नका, बेंबी शोधा.

हाताची बोटं कुठे

याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, म्हणून जरा थांबून सांगतो. तळवा जमिनीवर टेकलेला असताना कोपर सहसा बोटांच्या उलट दिशेला वाकतं. पुशअप आठवा: बोटं पुढे, कोपरं मागे. आता हाच नियम दोन्ही फ्रीझना लावून बघा.

बेबीत शरीर तळव्यांच्या मागे असतं. म्हणून बोटं पुढे किंवा थोडी बाहेर ठेवली की कोपर आपोआप कमरेकडे येतं. चेअरमध्ये हात पाठीमागे टेकवायचा असतो. तिथे बोटं पायांकडे ठेवली, तर कोपर पाठीपासून दूर पळतं आणि तुम्ही कितीही रेटलं तरी कमरेखाली शिरत नाही. बोटं शरीरापासून बाहेर वळवली की तेच कोपर पाठीत येऊन बसतं. 'चेअर जमतच नाही' म्हणणाऱ्यांचा हात आधी बघा. बऱ्याचदा बोटं चुकीच्या बाजूला असतात, बाकी सगळं ठीक असतं.

बोटं फाकवून ठेवा. बोटांची टोकं जमिनीत दाबली की पुढे जाणारा तोल रोखला जातो, तळव्याच्या टाचेवर भार दिला की मागे जाणारा.

बेबी, उजव्या बाजूने

उकिडवे बसा. तळवे खांद्यांइतक्या अंतरावर, पायांच्या पुढे वीतभर टेकवा. उजवं कोपर कमरेला लावा आणि तिथेच राहू द्या. डावं कोपर साधारण काटकोनात वाकवा, ते आता फळीचं काम करणार आहे. गुडघे डावीकडे वळवा आणि उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू डाव्या कोपराच्या जरा वर टेकवा. म्हणजे उजव्याच पायाला दोन आधार मिळतात: कमरेशी उजवं कोपर, गुडघ्याशी डावं. योगासनं करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. पार्श्व बकासनात पाय असेच एका बाजूला वळतात, इथे फक्त डोकंही जमिनीला लागतं.

डोकं तळव्यांच्या पुढे टेकवा. वरून पाहिलं तर दोन तळवे आणि डोकं यांचा त्रिकोण दिसला पाहिजे. टेकतो तो कपाळाचा वरचा कोपरा, केस सुरू होतात तिथला, थोडा बाजूचा. टाळू नव्हे. मग उडी न मारता भार हळूहळू पुढे न्या. आधी एका पायाची बोटं सुटतील, मग दुसऱ्याची.

इथे बिघडतं ते तीन प्रकारे. पहिला प्रकार म्हणजे डोकं तळव्यांच्या रेषेतच टेकवणं. त्रिकोण चपटा होतो आणि गडगडण्याच्या भीतीने सगळा भार मानेवर येतो. तपासायला सोपं आहे: फ्रीझमध्ये असताना डोकं कागदाच्या जाडीइतकं उचलून बघा. क्षणभर उचलता आलं तर भार हातांवर आहे. दुसरा प्रकार, उजवं कोपर बाहेर फाकणं. पाय उचलायच्या घाईत ते कमरेवरून निसटतं आणि दंडाला वजन पेलावं लागतं. तिसरा, गुडघा दंडावर फार वर चढवणं. घामाने तो घसरत खाली येतो आणि तोल जातो.

चेअर, उजव्या बाजूने

जमिनीवर बसा, गुडघे वाकवून, पावलं जमिनीवर. उजवा तळवा उजव्या नितंबाच्या मागे, अगदी जवळ टेकवा, बोटं शरीरापासून बाहेर. कंबर थोडी उचला आणि उजवं कोपर पाठीच्या कडेला आत घ्या. हात लांब टेकवला असेल तर इथेच कळतं, कारण मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उभा न राहता तिरका होतो. तिरक्या हातावर बसू नका, तळवा उचलून जवळ आणा.

आता उजव्या खांद्याकडे कलत डोक्याची उजवी बाजू, कानाच्या वरचा भाग, जमिनीला टेकवा. डावा हात छातीसमोरून आणून चेहऱ्यापुढे टेकवा. हा हात तोल सांभाळतो, वजन उचलत नाही. एक पाऊल जमिनीवर राहू द्या आणि दुसऱ्या पायाचा घोटा त्याच गुडघ्यावर ठेवा. कुठला पाय खाली ठेवायचा ते दोन्ही करून ठरवा. कंबर वर आणि छाती उघडी असली की खुर्चीत रेलून बसल्यासारखा तो आकार दिसतो.

इथे बिघडण्याचं मोठं कारण एकच: कोपर पुरेसं मागे जात नाही. मग ते बरगडीत टोचतं आणि दुखतं म्हणून माणूस कंबर खाली सोडतो. बरगडीवर स्टॅब घ्यायचाच नाही. खांदा आखडलेला असेल तर ही जागा पहिल्या दिवशी मिळत नाही. तोवर बसूनच सराव करा: तळवा मागे, बोटं बाहेर, पाठ हळूच कोपरावर रेलायची आणि १० सेकंद थांबायचं.

जमिनीवरचं पाऊल हा नवशिक्याचा मोठा आधार आहे. बेबीत तीन ठिकाणी जमीन लागते, चेअरमध्ये चार. म्हणून चेअरमध्ये तोल लवकर सापडतो, पण खांदा आणि मनगट मोकळं लागतं. बेबीत उलट: अंग फार मोकळं नसलं तरी आकार जमतो, तोल मात्र शोधावा लागतो. आमचं मत स्पष्ट आहे, बेबी आधी शिका. तोंड जमिनीकडे असल्यामुळे पडलात तरी कुठे पडताय ते दिसतं, आणि स्टॅबवर विश्वास बसतो. तो विश्वास नसताना चेअरमध्ये मागे रेलायला भीती वाटते.

टर्टल नावाचा तिसरा भिडूही यांत मिसळतो. त्यात दोन्ही कोपरं पोटाकडे असतात आणि गुडघा कोपरावर टेकत नाही. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

सरावाआधी

मनगटं ५ मिनिटं तापवा: गुडघ्यांवर बसून तळवे टेकवा आणि बोटं पुढे, बाहेर, मागे अशी आळीपाळीने ठेवून हळूहळू भार द्या. दोन्ही फ्रीझमध्ये मनगट जवळजवळ काटकोनात वाकतं, थंड मनगटाला ते सोसत नाही. बोटांत मुंग्या आल्या किंवा मानेत कळ आली तर त्या दिवसापुरतं थांबा. मानेचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोकं टेकवू नका.

घरातली गुळगुळीत फरशी सरावाला चालते, पण पुसून कोरडी हवी. घामाचा एक थेंब तळव्याखाली आला तरी हात सरकतो. योगा मॅटवर तळवा घट्ट बसतो, मात्र डोकंही तिथेच चिकटतं आणि अंग वळताना मान पिरगळते. डोक्यावर पातळ कानटोपी घाला, किंवा फक्त डोक्याखाली दुमडलेला रुमाल ठेवा.

एका वेळी ३ सेकंद धरा. ते स्थिर झालं की ५. नाचात याहून जास्त क्वचितच लागतं: मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात ४ ठोके म्हणजे अवघे २ सेकंद. पण ते २ सेकंद पुतळ्यासारखे हवेत. मोबाइल कमरेच्या उंचीवर बाजूला ठेवून चित्रण करा. स्टॅबचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सरळ उभा दिसतो का, तेवढंच पाहायचं. दोन्ही बाजूंनी शिका, नावडत्या बाजूने आधी.

पुढची पायरी फुटवर्कमधून फ्रीझमध्ये शिरण्याची. सिक्स-स्टेप, म्हणजे हातांवर भार देत सहा पावलांत गोल फिरण्याचं मूळ फुटवर्क, येत असेल तर त्यातच दोन्हींची दारं आहेत. ज्या क्षणी पोट जमिनीकडे आणि दोन्ही हात पुढे असतात, तिथून बेबी. ज्या क्षणी पोट वर आणि एक हात मागे असतो, तिथून चेअर. बेबीतून चेअरमध्ये जायचं असेल तर तळवा जमिनीवर घासत फिरवू नका, भाराखाली मनगट पिरगळतं. आधी पाय खाली टेकवा, तळवा पूर्ण उचला, बोटं बाहेर वळवून कमरेमागे टेकवा आणि मगच त्यावर रेला.